पेटी पोचल्यानंतरची जाहिरात

चि.स,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. आपल्या आंब्याच्या मोहोराच्या रिळाला लाइक्सचा पाऊस पडला आणि ऑर्डर आल्या त्या फक्त मामेभावाच्या आणि शाळेतल्या बाईंच्या, म्हणून तू खट्टू झालायस. अरे, देवगडचा मोहोर बघायला कुणाला आवडत नाही? पण बघणारा वेगळा आणि पेटी घेणारा वेगळा.

घरपोच आंबा विकणाऱ्याने फॉलोअर मोजू नयेत, आपला नंबर किती घरांत सेव्ह आहे ते मोजावं. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि मेसेज जातो तो ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. बाकीच्यांना तू काय पाठवलंस त्याचा पत्ताच नसतो. म्हणून पहिला खर्च कर तो छापील चिठ्ठीवर. पेटी उघडल्या उघडल्या पेंढ्यावर दिसली पाहिजे. वर ठळक नंबर आणि ‘सेव्ह करा, पुढच्या वर्षी पहिली तोड कधी ते आधी तुम्हाला कळवू’ एवढी एक ओळ. खाली आंबा कसा ठेवायचा ते लिही: फळं पेंढ्यातच ठेवा, एकावर एक रचू नका, पिकेपर्यंत फ्रीज नको, आणि रोज दाबून बघू नका. (प्रत्येक घरात एक आजोबा दाबतातच, पण आपण लिहायचं.) हेच सगळं आईला पडवीत बसवून तिच्या बोलण्यात रेकॉर्ड कर आणि पेटी पोचली की त्या घरी पाठव. तुझ्या ड्रोनच्या शॉटपेक्षा तो व्हिडिओ जास्त घरांत फिरेल. लोक तो जावेला, नणंदेला पाठवतात. पुढची गिऱ्हाइकं तिथून येतात.

आता साक्याचं. ही वेळ येणारच, विशेषतः मे महिन्यात. बाहेरून फळ देखणं, कापलं की आत पांढरट, भुसभुशीत. बाहेरून ते ओळखता येत नाही हे तुला ठाऊक आहे, डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसतं. त्याला वाटतं, फसवलं. तो कापलेल्या फोडीचा फोटो टाकेल, खाली तुझ्या खात्याचं नाव. तेव्हा कमेंटमध्ये वाद घालायचा नाही आणि कमेंट उडवायचीही नाही. तिथेच दोन ओळीत लिही: साका म्हणजे काय, किती फळं निघाली ते कळवा, तेवढ्याचे पैसे आजच परत. आणि खरंच त्याच दिवशी दे. ते उत्तर तक्रार करणाऱ्याइतकंच गुपचूप वाचणाऱ्या इतरांसाठी असतं. त्याहून बरं म्हणजे सीझनच्या आधीच साक्यावर एक व्हिडिओ कर. चौदा आणे (सोळातले चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झालेलं फळ का उतरवतो, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट का काढतो, जमिनीवर पडलेलं फळ पेटीत का घालत नाही, हे झाडाखाली उभं राहून दाखव. दोष स्वतःहून सांगणारा बागायतदार विरळा, म्हणून लोक त्याला धरून राहतात.

‘रेटसाठी इनबॉक्स करा’ हे तुझ्या प्रत्येक पोस्टखाली आहे. ते आधी काढ. भाव उघड लिही: किती डझनाची पेटी, एक फळ साधारण किती ग्रॅम, पोचवण्याचे किती. भाव लपवला की आपल्या लोकांना तो जास्तच वाटतो. शिवाय सीझनमध्ये रात्री अकराला ‘काय रेट?’ला उत्तरं देत कोण बसणार? व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग भरून ठेव, ठरलेली उत्तरं लिहून ठेव, आणि ‘पैसे आले’, ‘पेटी निघाली’ अशी लेबलं लाव. हे काम जानेवारीत करायचं. एप्रिलमध्ये तू झाडावर असशील, फोन बहिणीकडे दे.

पैसे देऊन जाहिरात करायला माझी हरकत नाही, पण तुझी गाडी जिथे जाते तेवढ्याच शहरांपुरती, आणि बटण थेट व्हॉट्सॲपवर उघडणारं. वर १८ टक्के जीएसटी लागतो तो हिशेबात धर. कुणा खाद्यभ्रमंतीवाल्याला फुकट पेटी देऊन रीळ करून घेणार असशील तर ती जाहिरात असल्याचं त्याने तिथे लिहायला हवं. जाहिरात मानक परिषदेचा २०२१ पासून तसा दंडक आहे.

कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने विकणारे तुझेच फोटो उचलून आगाऊ पैसे घेतील. त्यामुळे फोटोंत बाग, पेटी आणि तुमच्यापैकी कुणाचा तरी चेहरा असू दे. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. बाबांची त्यात नोंद असेल तर प्रमाणपत्राचा फोटो खात्यावर सगळ्यात वर पिन कर, नसेल तर त्यांच्या मागे लाग. आणि बहिणीला बजावून सांग, पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही. ‘क्यूआर स्कॅन करा, ॲडव्हान्स पाठवतो’ म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे.

गेल्या वर्षीच्या पेट्यांची बाबांची वही आहे ना? त्यातले नंबर या आठवड्यात फोनमध्ये चढव आणि एकेकाला फोन कर, मेसेज नको. आंबा कसा निघाला होता एवढंच विचार. चिठ्ठीचा मजकूर छापायला टाकण्याआधी मला पाठव.

तुझा,
काका