वाचकांचे प्रश्न : विजेची गाडी आणि आपल्या दारातला ट्रान्सफॉर्मर

विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयी ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांकडून गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील तीन येथे निवडली आहेत. कोणती गाडी घ्यावी, असे विचारणारी पत्रे बाजूला ठेवली आहेत, कारण त्या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या दुकानातही मिळते.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत १४० सदनिका आहेत. त्यांपैकी २२ सभासदांनी आपापल्या पार्किंगच्या जागेत चार्जर बसवण्याची परवानगी मागितली आहे. आवारातील ६३० केव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर मे महिन्यात आधीच तापतो, त्यात हा भार वाढला तर सगळ्यांचीच वीज जाईल, असे समितीतील काही जणांचे म्हणणे आहे. दुसरा पक्ष म्हणतो की परवानगी नाकारण्याचा अधिकारच समितीला नाही. सर्वसाधारण सभा जवळ आली आहे. मी काय मांडावे?
– एका संस्थेचे सचिव, घोडबंदर मार्ग, ठाणे

उत्तर : सभेत कायद्याच्या आधी हिशेब मांडावा, असे सुचवतो. ६३० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमधून साधारण ६०० किलोवॉट मिळतात आणि तो दीर्घकाळ सुखरूप चालायचा असेल तर ४८० ते ५०० किलोवॉटच्या पुढे त्याला सतत राबवू नये. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास, जेव्हा बहुतेक घरांत एखादा एसी चालू असतो, तेव्हा दर सदनिकेमागे सरासरी सव्वादोन किलोवॉट धरले आणि लिफ्ट व पंप त्यात मिळवले, तर आपल्या संस्थेचा भार ३४० किलोवॉटच्या आसपास येतो. (हा माझा अंदाज आहे. खरा आकडा ट्रान्सफॉर्मरवर भारमापक लावून आठवडाभर नोंद घेतल्यास कळेल, आणि सभेपूर्वी तेवढे काम जरूर करून घ्यावे.) आता २२ सभासदांनी ७.२ किलोवॉटचे चार्जर बसवले आणि सगळे घरी परतल्यावर एकाच वेळी चालू केले, तर १५८ किलोवॉटची भर पडून आपण मर्यादेच्या काठावर येऊन उभे राहतो. म्हणजे समितीतील मंडळींची भीती अगदीच निराधार नाही. पुढेमागे १४० घरांनी असेच चार्जर घेतले तर एकट्या गाड्यांचा भार हजार किलोवॉट होईल आणि तो हा ट्रान्सफॉर्मर कोणत्याही परिस्थितीत सोसणार नाही.

परंतु चार्जर किती मोठा आहे आणि गाडीला किती वीज लागते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या समितीतील वाद त्या एकत्र केल्यामुळेच वाढला असावा. दिवसाला ४० किलोमीटर फिरणाऱ्या मोटारीला, चार्जिंगमधील घट धरूनही, सुमारे सात युनिट वीज लागते (एक किलोवॉटचा भार तासभर चालला की एक युनिट, म्हणजेच एक किलोवॉट-तास). १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवरून, ३.३ किलोवॉटच्या दराने, ती सव्वादोन तासांत भरते. १४० गाड्यांना मिळून दिवसाला ९८० युनिट लागतील. ती मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत पाळीपाळीने दिली तर सरासरी भार १६५ किलोवॉटच्या आत राहतो आणि त्या वेळी एसीचा भारही उतरू लागलेला असतो. याचा अर्थ असा की उद्या प्रत्येक घरी विजेची गाडी आली तरी आजचाच ट्रान्सफॉर्मर कदाचित पुरेल, फक्त कोणती गाडी केव्हा भरायची हे कोणीतरी ठरवावे लागेल. ते काम सभासदांच्या सौजन्यावर सोडू नये. एकूण भार ठरावीक मर्यादेपुढे जाऊ लागला की चार्जरांचा वेग आपोआप कमी करणारी यंत्रणा बाजारात मिळते आणि तिचा खर्च नव्या ट्रान्सफॉर्मरच्या, त्यासाठी लागणाऱ्या जागेच्या आणि केबलच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी असतो.

ठाण्याची एक खास गोष्ट येथे आपल्या उपयोगाची आहे. येथील असंख्य नोकरदार रिक्षा किंवा बसने स्टेशन गाठतात, लोकलने कामावर जातात आणि त्यांची मोटार आठवड्याचे पाच दिवस पार्किंगमध्ये झाकण घालून उभी असते. अशा गाड्या दुपारी भरता येतील. दुपारी सौरवीज भरपूर असते, म्हणूनच वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत २०२३ साली केंद्र सरकारने जी दुरुस्ती केली, तिच्यात सौर तासांतील वीज स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या वेळची महाग ठेवण्याचे तत्त्व घातले गेले. सायंकाळी सूर्य मावळतो, सौरवीज थांबते आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू होतात. त्यात गाड्यांची भर घालणे हा सगळ्यात वाईट पर्याय आहे.

आता अधिकारांविषयी. चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याची मुभा ग्राहकाला त्याच नियमांतील फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे दिली आहे आणि घरच्या जोडणीवरून स्वतःची गाडी भरण्यास केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही मोकळीक होती. त्यामुळे सरसकट नकार देणे समितीला जड जाईल. मात्र वायर कोठून न्यायची, कोणत्या दर्जाची वापरायची आणि तिची तपासणी कोणी करायची, हे ठरवणे समितीचे कामच आहे. आपल्याकडे सर्वांचे मीटर तळमजल्याच्या मीटर खोलीत असतात. तेथून पार्किंगपर्यंत २२ जणांनी २२ वायरी आपापल्या मनाने ओढल्या, तर दोन वर्षांत त्या छताकडे पाहवणार नाही आणि आग लागल्यास कोणती वायर कोणाची हेही कळणार नाही. संस्थेने एकच केबल ट्रे टाकावा, प्रत्येक जोडणीला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण सक्तीचे करावे आणि एक्स्टेंशन बोर्डावरून गाडी भरण्यास पूर्ण बंदी घालावी. तळघरातील आगीची भीती अनेक पत्रांत दिसते. त्या भीतीपैकी जो भाग आपल्या हातात आहे, तो मुख्यत्वे सैल सॉकेट, बारीक वायर आणि नसलेले अर्थिंग यांचा आहे.

स्वतंत्र जोडणीचा आणखी एक फायदा सभासदांना सांगावा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. महिन्याला दोनशे युनिट गाडीसाठी घरच्याच मीटरवरून घेतली तर घराचा वापर ३०० किंवा ५०० युनिटांची पायरी ओलांडतो आणि वाढीव युनिटे महागड्या दराने पडतात. चार्जिंगची दरवर्गवारी वेगळी आहे आणि तिला या पायऱ्या नाहीत. अर्ज करण्यापूर्वी चालू दरपत्रक समोर ठेवून दोन्ही हिशेब करावेत.

प्रश्न : विजेची गाडी म्हणजे ठाण्याचा धूर कोळशाच्या वीजकेंद्राशेजारच्या चंद्रपूरला पाठवणे, एवढेच मला दिसते. शिवाय १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या, हे आपण विसरलो काय? उद्या सगळी वाहतूक याच तारांवर टांगायची?
– एक निवृत्त अभियंता, ऐरोली

उत्तर : आपल्या पहिल्या वाक्यात तथ्य आहे आणि ते नाकारून विजेच्या गाडीचे समर्थन करू नये. देशातील वीजकेंद्रांची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू अशा) स्रोतांची झाली, असे २०२५ च्या मध्यात जाहीर झाले. परंतु प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे सत्तर टक्के अजून कोळशातूनच येते. औष्णिक केंद्रांच्या गंधक उत्सर्जनावरील २०१५ चे निकष वारंवार पुढे ढकलले गेले आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यासाठीची यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. चंद्रपूरच्या माणसाने आपल्या गाडीचा धूर का खावा, या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

कार्बनचा हिशेब मात्र करता येतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या आकड्यानुसार देशात एका युनिटमागे सरासरी ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गाडीला किलोमीटरला ०.१५ युनिट लागते असे धरून वाहिन्यांतील आणि चार्जरमधील घट मिळवली, तर किलोमीटरमागे १४० ग्रॅमच्या आत-बाहेर आकडा येतो. पेट्रोलच्या एका लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. कापूरबावडी-माजिवड्याच्या कोंडीत १३ किलोमीटरचा ॲव्हरेज देणारी गाडी किलोमीटरमागे १७५ ग्रॅम सोडते आणि तेलशुद्धीकरण व वाहतूक धरली की तो आकडा २०० च्या पुढे जातो. म्हणजे कोळशाची वीज वापरूनही सुमारे एक तृतीयांश बचत होते.

मात्र बॅटरी बनवतानाच अडीच ते चार टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडलेला असतो. किलोमीटरमागे ७० ग्रॅमच्या बचतीतून तो भरून निघायला ३५ ते ५५ हजार किलोमीटर गाडी चालावी लागते. टॅक्सी दिवसाला दोनशे किलोमीटर चालते आणि हे ऋण वर्षाच्या आत फेडते. फक्त रविवारी मॉलला किंवा येऊरला जाणारी, वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरणारी मोटार ते फेडायला सात ते अकरा वर्षे घेईल. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : आधी बस, मग टॅक्सी, रिक्षा आणि मालवाहू टेम्पो, आणि सर्वांत शेवटी घरची मोटार. ठाणे आणि नवी मुंबईच्या परिवहन सेवांनी विजेच्या बस आणल्या, हे योग्य क्रमाने उचललेले पाऊल आहे. मोटार विजेची असली तरी घोडबंदर मार्गावर जागा तेवढीच अडवते, टायरची आणि रस्त्याची धूळही उडवतेच.

आता १२ ऑक्टोबरविषयी. त्या दिवशी वीज कमी पडली नव्हती. पडघा-कळवा पट्ट्यातील उच्चदाब वाहिन्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि बाहेरची वीज महानगरापर्यंत आणणारा मार्गच तुटला. आपल्या भागाची मोठी गरज दूरच्या केंद्रांतून मोजक्या पारेषण मार्गांनी येते. डोंगर, खाडी आणि दाट वस्ती यांमुळे नवी वाहिनी टाकणे येथे वर्षानुवर्षे रखडते. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ साली कार्यान्वित झाली खरी, पण तिचा लाभ मुख्यतः मुंबईला आहे.

या सगळ्यात मोटारींचा वाटा केवढा? एक लाख विजेच्या मोटारींना दिवसाला सात लाख युनिट लागतील, म्हणजे चोवीस तासांवर पसरल्यास सरासरी ३० मेगावॉट. आपल्या घराजवळच, ऐरोली, रबाळे आणि महापे येथे डेटा सेंटर उभी राहत आहेत आणि त्यांतील एकेका मोठ्या केंद्राची मागणी तेवढी किंवा त्याहून अधिक असते, तीही अखंड. राज्याची सर्वोच्च मागणी आता ३० हजार मेगावॉटच्या घरात गेली आहे. मोटारींमुळे वीज संपेल ही भीती त्यामुळे टिकत नाही. धोका आहे तो सायंकाळच्या सात ते अकराचा आणि उपकेंद्रापासून आपल्या आवारापर्यंतच्या भूमिगत केबलचा. सायंकाळसाठी साठवलेली वीज हवी आणि तिचा नमुना आपल्या जिल्ह्यातच आहे : शहापूर तालुक्यातील चोंढे येथे घाटघर प्रकल्पाचा खालचा जलाशय आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज घ्यायची, हे काम तेथे २००८ पासून चालू आहे. सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प आखले जात आहेत. ते वेळेवर झाले नाहीत, तर सायंकाळी भरलेली प्रत्येक गाडी कोळशावरच धावेल, आणि तेव्हा आपली टीका पूर्णपणे खरी ठरेल.

राहता राहिला सगळी वाहतूक तारांवर टांगण्याचा मुद्दा. वीज गेली की पेट्रोल पंपही बंद पडतो, त्याला जनरेटर लागतो. भरलेली गाडी निदान दोन-तीन दिवस फिरू शकते.

प्रश्न : आमच्याकडे ४५ किलोवॉट-तास बॅटरीची गाडी आहे. गणपतीला कणकवलीजवळच्या गावी जायचे आहे. सासरे म्हणतात, “जुनी पेट्रोलची गाडीच काढा, वाटेत अडकलात तर आरतीला कोण?” त्यांचे ऐकावे का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : एरवी ऐकू नका म्हटले असते, पण चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत निघणार असाल तर त्यांच्या म्हणण्याचा विचार करावा. घाटातून, एसी लावून आणि सामानासह आपली गाडी एका भरण्यात २५० ते २८० किलोमीटर जाईल, म्हणजे वाटेत निदान एकदा थांबणे अटळ आहे. ६० किलोवॉटच्या चार्जरवर २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत भरायला ३० ते ४० मिनिटे लागतात. एरवी ती चहा-नाश्त्यात जातात, पण आपल्यापुढे तीन गाड्या असतील तर दीड-दोन तास तेथेच गेले. कोकण महामार्गावर वर्षभराच्या सरासरी रहदारीला पुरतील एवढे चार्जर बसवणे आणि गणपतीच्या चार दिवसांना पुरतील एवढे बसवणे, यांत मोठा फरक आहे आणि दुसरे कोणालाही परवडणारे नाही.

निघायचेच असेल तर चार-पाच दिवस आधी किंवा रात्री उशिरा निघावे आणि पहिला थांबा बॅटरी निम्मी असतानाच घ्यावा, म्हणजे एखादा चार्जर बंद सापडला तरी पुढच्यापर्यंत पोहोचता येते. गावच्या घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवरून रात्रभरात ३० युनिट सहज मिळतात, मात्र तेथील मंजूर भार आणि अर्थिंग गावातल्या वायरमनकडून आधीच तपासून घ्यावे. गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर सगळे कोकण एकाच सकाळी मुंबईकडे निघते, तेव्हा आदल्या रात्री गाडी पूर्ण भरून ठेवावी, आणि पाहुण्यांपैकी कोणी तोच सॉकेट पाण्याच्या पंपाला लावलेला नाही ना, हे झोपण्यापूर्वी पाहून घ्यावे.