अमेरिकेत राज्यांच्या आयकरामुळे व्यावसायिक खेळाडूंच्या कमाईत खरंच किती फरक पडतो?

तुमचा प्रश्न असा आहे: टेक्सास, फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, मग तिथल्या संघात खेळणाऱ्याला तेवढ्याच मानधनात कॅलिफोर्नियातल्या खेळाडूपेक्षा जास्त पैसे सुटतात का? आणि सुटत असतील तर सगळे तिकडेच का जात नाहीत?

सुटतात, आणि चांगले सुटतात. पण कॅलिफोर्नियाचा सर्वांत वरचा दर १३.३ टक्के, टेक्सासचा शून्य, म्हणून १३.३ टक्के वाचले, असा जो हिशेब सगळीकडे मांडला जातो तो बरोबर नाही. मी न्यू जर्सीत लोकांची टॅक्स रिटर्न भरून देतो, त्यातही एकाहून जास्त राज्यांत कमाई असलेल्यांची जास्त. संघांबरोबर फिरणारे काही जणही माझ्याकडे येतात. म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

भारतात हा प्रश्नच उद्भवत नाही. आयपीएलचा खेळाडू वानखेडेवर खेळो की चेपॉकवर, आयकर केंद्राचाच. राज्य फार तर व्यवसाय कर घेणार, आणि तोही राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ प्रमाणे वर्षाला २,५०० रुपयांच्या वर नाही. अमेरिकेत केंद्राचा कर वेगळा (वरचा दर ३७ टक्के), राज्याचा वेगळा आणि फिलाडेल्फिया, क्लीव्हलँडसारख्या शहरांचा आणखी वेगळा. पूर्वी राज्याला भरलेल्या कराची केंद्राच्या हिशेबात वजावट मिळायची. २०१८ पासून तिच्यावर १०,००० डॉलरची मर्यादा आली. ती अलीकडे वाढवली असली तरी मोठ्या उत्पन्नाच्या माणसासाठी ती पुन्हा १०,००० वरच येते. ज्याचा राज्याचा कर लाखो डॉलर आहे, त्याला आता तो जवळजवळ सगळाच पदरचा भरावा लागतो.

ज्या राज्यात काम केलं त्या राज्याने त्या कमाईवर कर घ्यायचा, हा नियम जुना आहे आणि सगळ्यांनाच लागू आहे. खेळाडूंच्या बाबतीत तो कसून वापरला जाऊ लागला तो १९९१ नंतर. त्या वर्षी मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सने लॉस एंजेलिस लेकर्सला एनबीए या बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीत हरवलं आणि कॅलिफोर्नियाने पाहुण्या खेळाडूंकडून कर वसूल करायला घेतला. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयने १९९२ मध्ये त्याला उत्तर दिलं: जी राज्यं आमच्या खेळाडूंवर कर लावतात, त्यांच्या खेळाडूंवर आम्हीही लावणार. मग आयकर असलेली बाकीची राज्यंही मागे राहिली नाहीत. याला सर्रास ‘जॉक टॅक्स’ (जॉक म्हणजे खेळाडू) म्हणतात. एक मोठा अपवाद राजधानी वॉशिंग्टनचा. तिथे बाहेरच्यांच्या पगारावर कर लावायला काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनेच, मनाई केली आहे.

आता हिशेब कसा होतो ते सांगतो, कारण खरी गंमत इथेच आहे. बहुतेक राज्यं ‘ड्यूटी डे’ मोजतात. हंगामपूर्व सरावाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या सामन्यापर्यंत संघाच्या कामाचे जेवढे दिवस, ते सगळे छेदस्थानी. त्यांपैकी एखाद्या राज्यात घालवलेले दिवस अंशस्थानी. फक्त सामन्याचा दिवस धरत नाहीत, सराव आणि बैठकांचे दिवसही येतात. वर्षाचं मानधन या अपूर्णांकाने गुणलं की त्या राज्याचा वाटा निघतो.

समजा टेक्सासमधल्या डॅलसमध्ये राहणाऱ्या बास्केटबॉलपटूचं मानधन १ कोटी डॉलर आहे आणि कामाचे दिवस २०० आहेत. त्यातले १० कॅलिफोर्नियात गेले, तर तिथे ५ लाख डॉलरची कमाई धरली जाईल आणि त्यावर साधारण ६५,००० डॉलर कर बसेल. बाकी राज्यांचे असेच तुकडे जोडले की वर्षाचा आकडा दीड-दोन लाखांच्या घरात जातो. तेवढ्याच मानधनाचा लॉस एंजेलिसचा रहिवासी एकट्या कॅलिफोर्नियाला १३ लाखांच्या आसपास भरतो. न्यूयॉर्क किंवा मिनेसोटात भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे करातून तेवढी सूट, त्याला घरच्या राज्यात मिळतं, त्यामुळे तोच पैसा दोनदा जात नाही. पण टेक्सासमध्ये जाऊन खेळला म्हणून त्याचं काही वाचत नाही, कारण रहिवाशाच्या सगळ्या कमाईवर कॅलिफोर्नियाचा हक्क. उलट डॅलसवाल्याला क्रेडिटचा उपयोग शून्य, कारण घरी कर भरायचाच नसतो. म्हणजे फरक १० लाखांच्या वर आहे, पण तो ठरतो घर कुठे आहे आणि घरचे सामने कुठे होतात यावरून.

हे नीट लक्षात न घेतल्यामुळे भलते मथळे छापून येतात. फेब्रुवारी २०१६ चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, कॅलिफोर्नियात सांता क्लारा इथे झाला. कॅरोलायना पँथर्सचा कॅम न्यूटन हरला, आणि हरलेल्या खेळाडूचा बोनस होता ५१,००० डॉलर. त्या आठवड्यापोटी त्याचा कॅलिफोर्नियाचा कर साधारण १ लाख निघत होता. लगेच ‘बोनसवर २०० टक्के कर’ अशी बोंब झाली. पण तो कर त्या बोनसवरचा नव्हताच. सात दिवस वाढल्याने त्याच्या वर्षभराच्या भल्या मोठ्या मानधनाचा जास्त हिस्सा कॅलिफोर्नियाच्या वाट्याला गेला होता. शिवाय नॉर्थ कॅरोलायनाच्या रहिवाशाला तिथल्या करातून बरंच क्रेडिट मिळतं. खरा जादा बोजा दोन राज्यांच्या दरांतल्या फरकाएवढा.

दिवस मोजण्याऐवजी सामने मोजले तर काय होतं, हे ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडने दाखवून दिलं. हे शहर हंगामातल्या सामन्यांच्या संख्येने मानधन भागायचं. शिकागो बेअर्सचा फुटबॉलपटू हंटर हिलनमायर तिथे जेमतेम दोन दिवस होता. ड्यूटी डेने त्याच्या मानधनाचा सव्वा टक्का करपात्र ठरला असता, शहराने ५ टक्के धरला. इंडियानापोलिस कोल्ट्सच्या जेफ सॅटर्डेचं प्रकरण तर त्याहून वरचढ: २००८ मध्ये तो दुखापतीमुळे क्लीव्हलँडला गेलाच नव्हता, घरी उपचार घेत होता, तरी कर कापला गेला. २०१५ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने दोघांच्या बाजूने निकाल दिला. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे.

घर कुठे यावर एवढा पैसा ठरतो, म्हणून त्यावरून भांडणंही होतात. न्यूयॉर्क यँकीजचा बेसबॉलपटू डेरेक जीटर फ्लोरिडात टँपाला राहतो म्हणायचा, न्यूयॉर्क राज्य म्हणायचं की २००१ ते २००३ या काळात तो आमचाच रहिवासी होता. २००८ मध्ये ते तडजोडीने मिटलं. न्यूयॉर्क शहराचा आयकर फक्त शहरातल्या रहिवाशांना लागतो, वरचा दर ३.८७६ टक्के. त्यामुळे शहरातल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या स्टेडियममध्ये खेळणाऱ्याने घर शहरात घेतलं की नदीपलीकडे, एवढ्यावर लाखो डॉलर इकडचे तिकडे होतात. गोल्फ आणि टेनिसवाल्यांना तर घरचं मैदान नसतंच. जाहिरातींचा पैसाही मुख्यतः राहत्या राज्यातच धरला जातो. टायगर वुड्सने १९९६ मध्ये कॅलिफोर्निया सोडून फ्लोरिडा गाठलं आणि त्यामागे कर हे कारण होतं हे पुढे त्याने स्वतःच सांगितलं.

पैसा कुठल्या रूपात येतो, यालाही तेवढंच महत्त्व. सायनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दलची रक्कम) परत करावा लागणार नसेल, पगारापासून वेगळा दिला जात असेल आणि खेळण्याच्या अटीला बांधलेला नसेल, तर बरीच राज्यं तो पाहुण्या खेळाडूच्या ड्यूटी डेच्या हिशेबात धरत नाहीत. फ्लोरिडातल्या माणसाला तो राज्याच्या करातून जवळजवळ पूर्ण सुटतो.

जपानी बेसबॉलपटू शोहेई ओतानीचा करार याच्याही पुढचा. डिसेंबर २०२३ मध्ये त्याने लॉस एंजेलिस डॉजर्सशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. खेळत असताना वर्षाला फक्त २० लाख. उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात, दर वर्षी ६ कोटी ८० लाख. १९९६ चा एक केंद्रीय कायदा सांगतो की निवृत्तीनंतरचं किंवा किमान १० वर्षांच्या समान हप्त्यांत मिळणारं असं उत्पन्न जुन्या राज्याने बाहेर गेलेल्या माणसाकडून वसूल करायचं नाही. हा कायदा आला तो कॅलिफोर्नियासारखी राज्यं सोडून गेलेल्या पेन्शनरांसाठी. ओतानी तोपर्यंत कॅलिफोर्नियाबाहेर गेला तर राज्याचे सुमारे ९ कोटी ८० लाख डॉलर बुडतील, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. राज्याच्या कंट्रोलर (तिजोरीचा हिशेब पाहणाऱ्या अधिकारी) मलिया कोहेन यांनी जानेवारी २०२४ मध्ये काँग्रेसने अशा करारांना मर्यादा घालावी अशी मागणी केली. मला ती मागणी रास्त वाटते. मात्र हे पैसे ओतानीने वाचवलेच असं कुणी म्हणू नये. तो जपानला परतला तर तिथे केंद्र आणि स्थानिक मिळून वरचा दर ५५ टक्के आहे.

मग सगळे टेक्सास-फ्लोरिडात का जात नाहीत? काही जातात. फुटबॉलपटू टायरीक हिलने २०२२ मध्ये न्यूयॉर्क जेट्सऐवजी मायामी निवडण्यामागे राज्याच्या कराचं कारण उघडपणे दिलं होतं. (जेट्सचं मैदान न्यू जर्सीत आहे, तेव्हा कर आमच्या राज्याला गेला असता, १० लाखांवर १०.७५ टक्के.) संघाच्या एकूण मानधनावर कमाल मर्यादा असलेल्या लीगमध्ये हा फायदा जास्त बोचतो, कारण कॅलिफोर्नियाच्या संघाला वाटलं तरी कराची भरपाई म्हणून मर्यादेबाहेर पैसे वाढवता येत नाहीत. आइस हॉकीत यावरून सध्या मोठा वाद आहे: २०२० ते २०२५ या सहा वर्षांत स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल या हॉकी लीगचं विजेतेपद, पाच वेळा आयकर नसलेल्या राज्यांत गेला, टँपा बेकडे दोनदा, वेगासकडे एकदा, फ्लोरिडा पँथर्सकडे दोनदा. पण याच फ्लोरिडा पँथर्सनी १९९६ नंतर थेट २०२२ पर्यंत प्लेऑफची (साखळीनंतरच्या बाद टप्प्याची) एकही फेरी जिंकली नव्हती, आणि त्या सगळ्या वर्षांतही तिथे आयकर शून्यच होता. चांगली माणसं जमवणारं व्यवस्थापन असेल तर कराची सवलत उपयोगी पडते, नुसत्या सवलतीने काही होत नाही. आणि बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स २०१८ मध्ये लॉस एंजेलिसलाच गेला. कुटुंब, धंदा, जाहिराती, संघ, हे सगळं त्या १३ टक्क्यांपेक्षा जड ठरू शकतं.

मला जास्त लागतं ते दुसरंच. जॉक टॅक्स फक्त तारांकित खेळाडूंना लागत नाही. संघाबरोबर प्रवास करणारे फिजिओ, ट्रेनर, साहित्य सांभाळणारे, व्हिडिओ काढणारे, सगळे याच नियमात येतात. पगाराचा दाखला, म्हणजे आपल्याकडच्या फॉर्म १६ सारखा डब्ल्यू-२, त्यावर राज्यांसाठी जेमतेम दोन ओळी असतात. संघाच्या ट्रेनरच्या दाखल्याची त्यामुळे चळतच होते, एकामागून एक पानं, एकेका पानावर दोन-दोन राज्यं. कुठे ४०० डॉलरची कमाई, कुठे ७००. प्रत्येकाची परराज्याची रिटर्न वेगळी, मग ती सगळी क्रेडिटं घरच्या राज्यात ओढून आणायची. कोट्यधीश खेळाडूचा अकाउंटंट हे निमूट करून टाकतो. ट्रेनरला मात्र अनेकदा रिटर्न भरायची फी त्या राज्याला जाणाऱ्या करापेक्षा जास्त पडते. मायनर लीग, म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या पातळीवरच्या बेसबॉलची पोरं अशीच भरडली जातात. २०२३ च्या करारानंतर सर्वांत वरच्या ट्रिपल-ए पातळीवरचं किमान मानधन वर्षाला ३५,८०० डॉलर झालं, आधी तर त्याहून कितीतरी कमी होतं. बसने राज्य ओलांडत खेळणाऱ्या या मुलांना तेच कागद, तेच नियम.

टेनेसीने एके काळी याहून वाईट केलं होतं. तिथे पगारावर आयकर नाही, पण एनबीए आणि एनएचएलच्या खेळाडूकडून दर सामन्याला २,५०० डॉलर घ्यायचे, वर्षाला तीन सामन्यांपर्यंत, मानधन कितीही असो. किमान करारावर काही दिवसांपुरता आलेल्या खेळाडूची त्या सामन्याची कमाई त्यातच संपायची. २०१४ मध्ये तो रद्द करण्याचा कायदा झाला.

यावर उपाय नाही असं नाही. कामानिमित्त दुसऱ्या राज्यात ३० दिवसांपर्यंत राहणाऱ्या नोकरदाराला तिथल्या आयकरातून सूट द्यावी, असं विधेयक काँग्रेसमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय. प्रतिनिधीगृहाने ते एकाहून अधिक वेळा मंजूर केलं, सिनेटमध्ये ते अडकलं. त्यात व्यावसायिक खेळाडूंना मुद्दाम वगळलं आहे आणि मोठ्या मानधनाच्या खेळाडूंबद्दल मला त्याचं वाईट वाटत नाही. पण वगळताना मानधनाची काही मर्यादा ठेवायला हवी होती. ट्रिपल-एचा पिचर आणि ओतानी हे दोघे त्या विधेयकाच्या दृष्टीने एकच आहेत.