दहा टिप्स नंतर, आधी ती बिननावाची डबी बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चेहरा कोरडा पडून ओढल्यासारखा होतो, गाल लाल दिसतात, हनुवटीवर पुटकुळ्या येतात. दिवसातून चार वेळा फेसवॉश, आठवड्यातून तीनदा स्क्रब, एक दिवसाआड लिंबाचा रस हे सगळं सुरू आहे. टाचांना भेगा आहेत, झोप जेमतेम पाच तास. आणि तुम्हाला रोज करता येतील अशा दहा सोप्या टिप्स हव्या आहेत. पण हे सांगताना तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: मैत्रिणीने डबीत काढून दिलेलं एक क्रीम लावलं की दोन दिवसांत चेहरा नितळ होतो, आणि बंद केलं की पुन्हा लाल होऊन पुटकुळ्या उठतात. मला खरी काळजी त्या वाक्याची वाटली, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

कुठलंही साधं क्रीम दोन दिवसांत असा कायापालट करत नाही. इतक्या झटपट लाली उतरवतं आणि त्वचा उजळ दाखवतं ते बहुधा स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही त्यांची नावं. मूळ वेष्टणावर बारीक अक्षरात यातलं काही आहे का, ते मैत्रिणीला बघायला सांगा. ही औषधं वाईट नाहीत. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ती ठरावीक जागी, ठरावीक दिवस देतात आणि तिथे ती चांगलं काम करतात. पण चेहऱ्याची त्वचा पातळ असते. तिथे महिनोन्‌महिने स्टेरॉइड लावलं की ती आणखी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या वाढतात, कधी लव दाट होते. आणि मग त्वचेला त्याची सवय लागते. बंद केलं की आग, लाली, सूज. पुन्हा लावलं की आराम. तुम्ही लिहिलंय ते नेमकं असंच आहे.

डबीत स्टेरॉइडच आहे असं मी इथे बसून ठामपणे सांगू शकत नाही. पण ती डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि किती महिने लावताय ते खरं सांगा. बरेच दिवस लावत असाल तर ते कसं सोडायचं हे त्यांनाच ठरवू द्या. कधी हळूहळू कमी करावं लागतं, कधी दुसरं औषध देऊन सोडवावं लागतं. एकटीने झटक्यात बंद केलंत तर लाली इतकी उसळते की घाबरून माणूस चौथ्या दिवशी पुन्हा डबी उघडतो. आणखी एक शक्यता म्हणजे पारा. त्वचा उजळवण्याच्या काही क्रीममध्ये तो असतो आणि त्याने मूत्रपिंडांना इजा होते. 2013 मध्ये झालेल्या मिनामाता करारात दहा लाखांत एका भागाहून जास्त पारा असलेली सौंदर्यप्रसाधनं 2020 पर्यंत बंद करायचं ठरलं होतं, तरी बिननावाच्या डब्यांमधून तो अजून सापडतो. ज्यावर घटकांची यादी नाही ते चेहऱ्याला लावायचं नाही, एवढा नियम मात्र कायमचा धरा.

आता स्क्रब आणि लिंबू. हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. चेहऱ्यावर साधं पाणी मारलं तरी चुरचुरायचं. मला वाटायचं त्वचेत मळ साचलाय, म्हणून मी अजून घासायचे. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी घरात जे जे लावते ते सगळं पिशवीत घालून आणायला सांगितलं होतं. टेबलावर अकरा बाटल्या-ट्यूबा निघाल्या. त्यांनी काही न बोलता एकेक उचलून नऊ एका बाजूला सारल्या आणि दोन माझ्यासमोर ठेवल्या: एक बिनवासाचा सौम्य फेसवॉश, एक साधं मॉइश्चरायझर. ‘आठ आठवडे एवढंच. बाहेर पडताना सनस्क्रीन.’ मला फसवल्यासारखं वाटलं. औषध घ्यायला गेले होते आणि हातात आधीच असलेलंच परत मिळालं. पण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चेहरा धुतला आणि चुरचुरलं नाही. नळ तसाच वाहत ठेवून मी आरशासमोर उभी राहिले होते.

असं का झालं ते समजलं की बाकीच्या टिप्स पाठ कराव्या लागत नाहीत. त्वचेचा सगळ्यांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. सपाट, मृत पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. आतलं पाणी आत ठेवणं आणि बाहेरचं त्रासदायक काही आत न येऊ देणं हे या भिंतीचं काम. वारंवार फेसवॉश केला की चुना धुऊन जातो, स्क्रबने विटा खरवडल्या जातात. मग पाणी उडून जातं, त्वचा ओढते, आणि इतर वेळी न झोंबणारं क्रीमही झोंबायला लागतं. चुरचुरणं म्हणजे ‘औषध काम करतंय’ असं बऱ्याच जणींना वाटतं. साध्या क्रीमने चुरचुरत असेल तर भिंतीला भोक पडलंय असं समजा.

लिंबाचं गणित तर सरळ आहे. पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त. त्वचेचा पीएच साधारण 5 च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास. या मोजपट्टीवर प्रत्येक अंकाला दहापट फरक पडतो, म्हणजे लिंबू त्वचेपेक्षा जवळपास हजारपट आम्ल. शिवाय लिंबाच्या रसातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजते, फोड येतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. डाग घालवायला लावलेल्या लिंबाने नवे डाग आलेले मी पाहिलेत. खाण्याचा सोडा उलट्या टोकाला, अल्कधर्मी, तोही नको. पुटकुळीवर टूथपेस्ट लावू नका. ती दातांच्या कठीण कवचासाठी बनवलेली असते.

तर रोज काय करायचं? सकाळी नुसत्या पाण्याने चेहरा धुतला तरी चालेल. रात्री एकदा फेसवॉश, आणि घाम आला असेल तर त्यानंतर एकदा. पाणी कोमट हवं. कढत पाणी अंगावर घेताना बरं वाटतं, पण चुना तेच सगळ्यांत भराभर वितळवतं. माझ्या आईच्या नडग्यांना रात्री इतकी खाज सुटायची की ओरखडे उठायचे. त्वचा कोरड्या तळ्याच्या तळासारखी, बारीक चौकोनांत तडकलेली. आम्ही मलमं बदलत राहिलो. शेवटी फक्त आंघोळीचं पाणी कोमट केलं, साबण काख, जांघ आणि पावलांपुरता ठेवला आणि अंग ओलं असतानाच मॉइश्चरायझर लावायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत तिला सलग झोप लागायला लागली.

त्यातलं ‘अंग ओलं असतानाच’ हे नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. टॉवेलने खसाखसा पुसून, कपडे करून, मग आठवण आली की क्रीम लावतात. तोवर पाणी उडून गेलेलं असतं. टॉवेलने नुसतं टिपायचं, त्वचेला हात लावला तर गार-ओलसर लागली पाहिजे, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत क्रीम लावायचं. ग्लिसरीनसारखे घटक पाणी धरून ठेवतात, पेट्रोलियम जेलीसारखे ते उडू देत नाहीत. साध्या मॉइश्चरायझरमध्ये दोन्ही प्रकारचं काही ना काही असतं. घेताना ‘बिनसुगंधी’ एवढं बघा, किंमत बघून भारावू नका. पेट्रोलियम जेलीचं पेटंट अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 मध्ये घेतलं, आणि पाणी अडवून ठेवण्यात तिला मागे टाकेल असं आजही फारसं काही नाही. पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर मात्र ती थापू नका. ओठ, टाचा, कोपरं यांना ठेवा. ओठ सुकले की जीभ फिरवायची सवय असेल तर ती सोडा. लाळ सुकताना ओठांचा उरलासुरला ओलावाही घेऊन जाते.

चेहऱ्याला ओलावा मिळावा म्हणून चार-चार लिटर पाणी पिण्याचा सल्लाही तुम्हाला मिळाला असेल. तहानेप्रमाणे भरपूर प्या, पण जादा प्यायलेलं पाणी त्वचेच्या त्या वरच्या थरात जाऊन साठत नाही, ते लघवीवाटे निघून जातं.

सनस्क्रीनवर लोक पैसे खर्च करतात आणि मग वाटाण्याएवढं लावतात. बाटलीवरचा एसपीएफचा, म्हणजे संरक्षणाचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन मोजलेला असतो. घरच्या हिशेबाने तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला मिळून लागतं. सुरुवातीला खूप वाटतं. निम्मं लावून दोन मिनिटांनी उरलेलं लावा, म्हणजे नीट मुरतं. एसपीएफ 30 उन्हातले त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण सुमारे 97 टक्के अडवतं, 50 सुमारे 98 टक्के. त्यामुळे 50 च्या बाटलीतून चिमूटभर लावण्यापेक्षा 30 ची पुरेशी लावणं कितीतरी चांगलं. मोठ्या आकड्यापेक्षा उन्हातल्या दुसऱ्या, यूव्हीए किरणांपासूनही संरक्षण असल्याचा उल्लेख बघा, कारण डाग गडद करणारे ते किरण खिडकीच्या काचेतूनही येतात. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. गालांवर वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या. नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही वांग वाढतो आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही.

पुटकुळ्यांवर लगेच काही लावायची घाई करू नका. डबीचा निकाल लागू द्या, चुरचुर थांबू द्या, मग बेंझॉइल पेरॉक्साइडबद्दल डॉक्टरांना विचारा. 2.5 टक्क्यांचं पुरतं. 10 टक्क्यांनी फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. उशीच्या अभ्र्याचा आणि टॉवेलचा रंग त्याने उडतो, तेव्हा पांढरे वापरा. हनुवटीवरच्या पुटकुळ्यांबरोबर पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर राठ केस येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. मग कारण हार्मोन्सचं असू शकतं आणि वरून कितीही लावलं तरी पुरणार नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) आणि त्याच्या जातीचं काही लावू नका. नवीन कुठलीही वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडी, आठवडाभर लावून बघा, आणि एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा. नाहीतर काय मानवलं आणि काय बाधलं ते कळत नाही.

टाचांसाठी रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवा, दगडाने हलक्या हाताने, एकाच दिशेने घासा, टिपून घ्या आणि 20 ते 25 टक्के युरिया असलेलं क्रीम लावून सुती मोजे घाला. युरिया त्वचेतच असणारा घटक आहे. जाड, कडक झालेला थर तो मऊ करतो. भेगेतून रक्त येत असेल तर ती भरेपर्यंत युरिया झोंबेल, तोवर पेट्रोलियम जेलीच लावा. मधुमेह असेल तर मात्र घासू नका, पाय डॉक्टरांना दाखवा.

झोपेचं मी शेवटी लिहितेय, पण ते कमी महत्त्वाचं म्हणून नाही. मोठ्या माणसाला निदान सात तास लागतात. पाचाचे सात एकदम होत नाहीत, हे मला माहीत आहे. घरचं, कामाचं सगळं उरकून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत किती वाजतात ते प्रत्येकीला ठाऊक असतं. म्हणून उठण्याची वेळ पक्की ठेवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आणि झोपण्याची वेळ दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे आणा. फोन उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तर गजर बंद करायला उठावंच लागतं आणि रात्री बघत बसण्याचा मोहही टळतो. मला स्वतःला फक्त या एका बदलाने रोजची चाळीस मिनिटं मिळाली.

त्वचेच्या वरच्या थराला नवं व्हायला तरुणपणी साधारण चार आठवडे लागतात, वय वाढलं की जास्त. त्यामुळे दहाव्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ असं वाटेल, तेव्हा लगेच दुसरं काही आणू नका. खिडकीसमोर, एकाच जागी, एकाच वेळी, दर रविवारी एक फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघणाऱ्याला जो फरक दिसत नाही, तो फोटोंत दिसतो. डॉक्टरांकडे जाताना डबीबरोबर हे फोटोही न्या. आणि क्रीम बंद केल्यावर चेहरा सुजला, डोळ्यांभोवती सूज चढली किंवा त्वचेतून पाणी सुटायला लागलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. काय सांगितलं ते इथे लिहा, मी रोज रात्री येऊन बघेन.