वाचकांचे प्रश्न : उबळणारी तूर आणि सेंद्रिय शेती

प्रश्न : गेली काही वर्षे मी रासायनिक खते व औषधे पूर्णपणे बंद केली आहेत. तूर फुलावर आली की शेतात जागोजागी झाडे उबळतात, म्हणजे उभी वाळून जातात, आणि दरवर्षी या जागा वाढत चालल्या आहेत. जीवामृताची (शेण-गोमूत्राच्या द्रावणाची) मुळांशी आळवणी करूनही फरक पडला नाही. वाळू लागलेली झाडे वाचवता येतील का?
— एक शेतकरी वाचक, जिल्हा जालना

उत्तर : वाळू लागलेले झाड वाचत नाही, म्हणून त्यावर यापुढे खर्च करू नये. मात्र आधी रोगाची खात्री करून घ्यावी. अशा झाडाच्या बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा दिसत असेल आणि खोड उभे चिरल्यावर सालीखाली तपकिरी-काळ्या रेघा आढळत असतील, तर तो फ्युजेरियम उडम या बुरशीमुळे होणारा मर रोग होय. ही बुरशी जमिनीतून मुळांत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका बंद करते. लागण बहुधा झाड लहान असतानाच झालेली असते. फुले-शेंगांच्या काळात पाण्याची गरज वाढते तेव्हा ती उघड होते. त्यामुळे त्या वेळी केलेला कोणताही उपाय उशिराच ठरतो.

जागा वाढत जाण्याचे कारण माझ्या मते धसकटांत आहे. आपण तूर विळ्याने कापतो, तुराट्या घरी नेतो आणि मुळे शेतातच राहतात. रोगट मुळांच्या अवशेषांत ही बुरशी सुमारे तीन वर्षे जिवंत राहते, आणि पाळी घालताना कुळवाबरोबर ती शेतभर पसरते. म्हणून उबळलेली झाडे आताच मुळासकट उपटून शेताबाहेर जाळावीत. ती शेणखताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नयेत, कारण खड्डा पुरेसा तापला नाही तर तेच खत रोग पुन्हा शेतात आणते. काढणीनंतर उरलेली धसकटे वेचावीत आणि एप्रिल-मे महिन्यांत खोल नांगरट करून जमीन उन्हात तापू द्यावी.

त्या जागेत सलग तूर घेणे थांबवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. दोन-तीन वर्षे ज्वारी घ्यावी. तूर सोडणे परवडत नसेल, तर निदान ज्वारीचे आंतरपीक घ्यावे. ज्वारीच्या सोबतीने मर कमी होते, हा अनुभव आणि संशोधन या दोन्हींचा निष्कर्ष आहे. ज्वारीला भाव नाही म्हणून ती सुटली हे मी समजू शकतो. पण दरवर्षी तुरीचे जे नुकसान होते, तेही याच हिशेबात धरायला हवे.

वाणाची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. आपल्याच जिल्ह्यातील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेला बीएसएमआर ७३६ हा लाल दाण्याचा वाण मर आणि वांझ (झाडाला फुलेच न येणारा) या दोन्ही रोगांना प्रतिकारक आहे. पांढरा दाणा हवा असल्यास बीएसएमआर ८५३ चा विचार करावा.

ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी उपयोगी आहे, परंतु ती पेरणीपूर्वी वापरावी. बियाण्याला किलोमागे ४ ते ५ ग्रॅम चोळावी. जमिनीत देण्यासाठी १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळून ढीग सावलीत आठवडाभर झाकून ठेवावा, ओलावा टिकवावा, तीन-चार दिवसांनी तो खालीवर करावा आणि मग ओल्या रानात पसरावा. पाकिटावर प्रति ग्रॅम किमान २० लाख जिवंत बीजाणूंचा उल्लेख आणि मुदतीची तारीख पाहूनच ते घ्यावे; दुकानात उन्हात पडून राहिलेले पाकीट कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आपले शेत सेंद्रिय म्हणून प्रमाणित असेल, तर ते उत्पादन चालेल का, हे प्रमाणन संस्थेला आधी विचारावे.

प्रश्न : आमच्या तुरीची काही झाडे वाळत नाहीत, उलट झुडपासारखी दाट व फिकट हिरवी राहतात, फुले मात्र येत नाहीत. ही मरच आहे का?
— एक वाचक, जिल्हा बीड

उत्तर : नाही, हा वांझ रोग आहे. तो विषाणूमुळे होतो आणि डोळ्यांना न दिसणारी एरिओफिड कोळी ही कीड त्याचा प्रसार करते. अशी झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत. बांधावर आपोआप उगवलेली किंवा खोडवा म्हणून (कापणीनंतर पुन्हा फुटण्यासाठी) राखलेली जुनी तूर विषाणू आणि कोळी या दोघांनाही आसरा देते, त्यामुळे ती पेरणीपूर्वीच काढून टाकावी.