कॉम्प्युटर टीव्हीला जोडलाय, टीव्ही होम थिएटरला. मग ५.१ आवाज का येत नाही?

तुमची जोडणी मला कळली ती अशी: डेस्कटॉपची एचडीएमआय टीव्हीत, टीव्हीच्या ऑप्टिकलमधून (प्रकाशातून डिजिटल आवाज नेणारी जोडणी) वायर जुन्या होम थिएटरच्या ॲम्पला (ॲम्प्लिफायरला), आणि विंडोजमध्ये ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, असे सहा चॅनेल) ऐवजी फक्त ‘स्टिरिओ’, म्हणजे दोनच चॅनेल, दिसतंय. आमच्याकडे नाशिकला सिडकोत हाच घोळ चार महिने चालला होता. मला पत्ताच नव्हता, कारण मागचे स्पीकर वाजत होते! एके दिवशी ॲम्पच्या डिस्प्लेकडे नीट बघितलं तर तिथे ‘प्रोलॉजिक’ लिहिलेलं. म्हणजे येत होते दोनच चॅनेल, मागचा आवाज ॲम्प स्वतःच्या अंदाजाने बनवत होता. तुम्हीही आधी तिथेच बघा. खरा ५.१ आला की ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डीटीएस’ (५.१ आवाज दाबून, एकत्र बांधून नेणारे दोन प्रकार) उमटतं.

दोष विंडोजचा नाही. एचडीएमआय जोडली की टीव्ही कॉम्प्युटरला आपली कुवत कळवतो, आणि बरेच टीव्ही ‘मला दोनच चॅनेल जमतात’ असं सांगतात, कारण त्यांना स्वतःचे स्पीकर दोनच असतात. पुढे ऑप्टिकलचीही अडचण आहे. सहा चॅनेलचा सुटा, म्हणजे न दाबलेला, पीसीएम आवाज (४८ किलोहर्ट्झ, १६ बिट) सेकंदाला साधारण ४.६ मेगाबिट होतो. ऑप्टिकलमधून सुटे दोनच चॅनेल जातात. डॉल्बी डिजिटल मात्र जास्तीत जास्त ६४० किलोबिट, तो आरामात मावतो. सुटी द्राक्षं नाही नेता येत, पेटी भरून न्यावी लागते, तसं. साध्या एआरसीचंही (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच ॲम्पला परत नेणारी सोय) हेच. सुटे आठ चॅनेल नेणारा ईएआरसी एचडीएमआय २.१ सोबत आला, पण तो टीव्ही आणि ॲम्प दोघांतही हवा.

म्हणून पेटी न फोडता पुढे पाठवायची, यालाच ‘पासथ्रू’ म्हणतात. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वरून ‘पासथ्रू’ किंवा ‘ऑटो’ करा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरच्या ऑडिओ प्रेफरन्समध्येही पासथ्रू चालू करा. विंडोजच्या साउंडमध्ये टीव्हीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे ‘सपोर्टेड फॉरमॅट्स’, डॉल्बी डिजिटलवर टिक, मग टेस्ट. काही टीव्ही एवढं करूनही एचडीएमआयवरून आलेल्या आवाजाचे दोनच चॅनेल करून पुढे देतात. त्यांच्यापुढे इलाज नाही. बऱ्याच नव्या टीव्हींनी डीटीएस सोडलंय, तेव्हा डीटीएसची फाईल मुकी राहिली तर घाबरू नका.

खरं सांगू का, टीव्हीला या भानगडीतून काढाच. मदरबोर्डच्या मागे चौकोनी ऑप्टिकल भोक आहे का बघा. असेल तर तिथून वायर थेट ॲम्पला, आणि एचडीएमआय फक्त चित्रासाठी. भोक नसेल तर ऑप्टिकल आउट असलेलं यूएसबी साउंड कार्ड मिळतं, एमजी रोडला चौकशी करा. पिक्चरसाठी एवढं पुरतं. गेमची गोष्ट वेगळी: गेमचा आवाज जागच्या जागी तयार होतो, तयार पेटी नसते, म्हणून साउंड कार्डात ती पेटी तिथल्या तिथे भरणारं ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’ लागतं. घेताना ते असल्याची खात्री करा. उद्या एचडीएमआयवाला ॲम्प घेतलात तर कॉम्प्युटर आधी ॲम्पला, तिथून टीव्हीला. मग सगळंच सोपं, विंडोजमध्ये ‘कॉन्फिगर’ दाबून ५.१ निवडायचं.

ओठ आणि आवाज पुढेमागे झाले तर व्हीएलसीत जे आणि के या बटणांनी जुळवा.

आणि हो, पासथ्रू चालू असताना कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम चालत नाही, आवाज ॲम्पच्याच रिमोटने कमी करायचा. मी पहिल्यांदा रात्री साडेअकराला लावून बघितलं, कॉम्प्युटरवर आवाज अगदी बारीक ठेवून. दोन मिनिटांत खालचे काका दारात. “काय रे, ढोल पथकाचा सराव आता घरातच का?”