‘उरलेलं पुढच्या अंकात’ असं लिहून थांबू नकोस

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू संगणक कसा वापरायचा ते मराठीत सांगणाऱ्या तुझ्या मासिकाच्या अंकांचा गठ्ठा घेऊन आलीस, चहा प्यालीस, काकूंशी बोललीस आणि निघताना फाटकाची कडी लावता लावता हळूच विचारलंस, “काका, थोडे दिवस थांबू काय?” मी “बघूया की” म्हणून वेळ मारून नेली. ते काही उत्तर नव्हतं. तू वळणावरून दिसेनाशी झालीस आणि मला तेच टोचत राहिलं, म्हणून हे पत्र. थांब. मनात काही न ठेवता थांब. फक्त थांबायचं कसं ते सांगायचं आहे, कारण मी ते एकदा चुकीच्या पद्धतीने केलं आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याच माणसाला पडला.

तू थकली आहेस हे मला तुझ्या चेहऱ्याआधी अंकावरून कळलं. पान तीनवर ‘दुसर्या’ छापलंय, तेही दोनदा. ज्या मुलीने पहिल्या वर्षी अख्खं पान खर्चून समजावलं होतं की साधा र आणि हलन्त दिला की रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य दाबला की ‘दुसऱ्या’ नीट उमटतो, तिच्याच अंकात हे! ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, हे तुझंच उदाहरण मी अजून लोकांना सांगतो. तुला दोष देत नाही. ज्या चुकीवर तुझी नजर झोपेतही गेली असती, तिच्यावरून ती घसरली, याचा अर्थ डोळे दमलेत. दिवसभर उद्यमबागेत हिशेब, रात्री जेवण आटपून अकरा-साडेअकरापर्यंत मांडणी, रविवारी झेरॉक्स, घड्या घालणं, वाटप. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेत शिरायचं कसं ते सांगायला काढलेलं एका पानाचं पत्रक चार पानांचं मासिक झालं. तेव्हा सहाजण होतात, आता दोघंच उरलात. पगार नाही, सुट्टी नाही. अंक काढायचा म्हटलं की पोटात गोळा येतो, असं तू काकूंना म्हणालीस. मला नाही म्हणालीस, पण या घराच्या भिंती पातळ आहेत.

आणि तू आणखी एक म्हणालीस, त्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय. “बंद केलं तर लोक म्हणतील, सीमाभागातलं आणखी एक मराठी काम बंद पडलं.” हे ओझं मी ओळखतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं, तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक मराठी कामाच्या डोक्यावर एक जादा पाटी चढते. दुकानाची पाटी असो, शाळेची पटसंख्या असो, की कडोली-उचगावचं साहित्य संमेलन असो, ते नुसतं ते काम राहत नाही, ते मराठी टिकल्याचा पुरावा होऊन बसतं. मग ते करणाऱ्याला बसायची सोय राहत नाही. मी हे हसण्यावारी नेत नाही, माझं सगळं आयुष्य त्याच ओढीने गेलं आहे. पण आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. इतकी वर्षं ते कुणा एकाच्या जागरणावर चाललेलं नाही. किल्ली या हातातून त्या हातात गेली, मधे कुणी आजारी पडलं, कुणी पुण्याला गेलं, कुणी परत आलं. तू सहा महिने निजलीस तर मराठी निजत नाही. उलट तू चिडचिडत, रडत अंक काढत राहिलीस आणि एक दिवस संगणकाकडे बघायचंच सोडलंस, तर एक चांगली मराठी लिहिणारी, कन्नड वाचणारी आणि यंत्र समजणारी मुलगी आपण कायमची घालवू. अशी माणसं आपल्याकडे किती आहेत ते तुला माहीत आहे.

आता माझी गोष्ट. तुला अर्धी माहीत आहे.

१९९९ ला मीही असाच अंक सुरू केला होता, दुकानाच्या झेरॉक्स मशीनवर, दोन पानी. त्या वेळी सगळीकडे विंडोज ९८. यंत्र मंद झालं की फॉरमॅट करा, म्हणजे सगळं पुसून नव्याने भरा, हा एकच उपाय लोकांना ठाऊक होता, आणि तो करायला येणारा मुलगा पैसे घेई. मी ठरवलं, लोकांना स्वतःच शिकवू. दोन भागांत लेख लिहायला घेतला. पहिल्या भागात बूट फ्लॉपी कशी करायची, सी ड्राइव्ह फॉरमॅट कसा करायचा, विंडोज पुन्हा कसं घालायचं. दुसऱ्या भागात फॉरमॅटच्या आधी कायकाय बाजूला काढून ठेवायचं. हा क्रमच चुकीचा होता, ते मला आज स्वच्छ दिसतं. तेव्हा वाटलं, लोक दोन्ही भाग वाचूनच हात घालतील. खाली लिहिलं, ‘उरलेलं पुढच्या अंकात.’

त्याच महिन्यात आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, मग दवाखाना, मग घरीच अंथरुण. अंक राहिला. एक महिना राहिला, दोन महिने राहिला. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं काय, पुढच्या महिन्यात काढूच की, असं रोज वाटायचं. तिसऱ्या महिन्यात एक गृहस्थ दुकानात आले, खानापूरकडचे. गावच्या संमेलनाची स्मरणिका त्यांनी महिनाभर बसून टाइप केली होती, शिवाजी फॉन्टमध्ये, आणि सगळ्या फायली डेस्कटॉपवर ठेवल्या होत्या. डेस्कटॉप म्हणजे पडद्यावर समोर दिसतंय ते, ते यंत्राच्या वर कुठेतरी असणार, अशी त्यांची समजूत. विंडोज ९८ मध्ये तो सी ड्राइव्हवरच, विंडोजच्या फोल्डरात असतो, हे मी दुसऱ्या भागात लिहिणार होतो. त्यांनी दोन महिने वाट पाहिली. मग माझा पहिला भाग समोर ठेवून, एकेक पायरी बिनचूक करून, सगळं पुसून टाकलं.

ते रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. हातात माझा अंक होता, घड्यांवर विरलेला, आणि ते एवढंच विचारत होते, “दुसरा भाग निघाला होता काय? मला मिळाला नाही.” आम्ही दोघांनी मिळून, त्यांच्या हस्तलिखितांवरून, स्मरणिका पुन्हा टाइप केली. कवितांची चार पानं मात्र मिळालीच नाहीत, त्या त्यांनी थेट यंत्रावरच लिहिल्या होत्या.

म्हणून सांगतो, तुझा अंक वाचून टाकून देण्याचा नाही. लोक तो खिशात ठेवतात. तुझा माझ्या मते सगळ्यात मोलाचा अंक पहाणीचा, म्हणजे आपल्याकडच्या जमिनीच्या उताऱ्याचा. ‘भूमी’ या सरकारी साईटवर उतारा बघायचा तर कन्नड वाचता आलं पाहिजे, आणि आपले म्हातारे शेतकरी कन्नड बोलतात पण अक्षर ओळखत नाहीत. तू जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा असे एकेक कन्नड शब्द मोठ्या टायपात देऊन खाली मराठी दिलंस, आणि येळ्ळूरपासून सांबऱ्यापर्यंतच्या गावांची नावं दोन्ही लिप्यांत. परवा गणपत गल्लीत एका आजोबांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीतून काढला आणि झेरॉक्सवाल्या पोराला म्हणाले, “ह्यो बघ, हे माझं गाव.” बोट बरोबर अक्षरावर होतं. तू तिथे असायला हवी होतीस.

आता विचार कर. उद्या साईटचा पडदा बदलला, बटणं इकडची तिकडे झाली, तर आजोबा तुझ्याच कागदाच्या भरवशावर चुकीचं बटण दाबतील. महिन्याच्या महिन्याला अंक येत असता तर तू दुरुस्ती छापली असतीस. तू नसशील तेव्हा कागद मात्र तसाच राहील, आणि तो जिवंत आहे असंच लोक समजतील. म्हणून थांबण्याआधी एक अंक काढायचा. शेवटचा म्हणू नकोस, विसाव्याचा म्हण.

त्यात नवीन काही शिकवायचं नाही. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात तू थांबते आहेस हे लिही आणि तारीख घाल. ‘काही काळ’, ‘लवकरच’ असले शब्द नकोत. सहा महिने तर सहा महिने, अमुक महिन्याच्या एक तारखेला पुढचं काय ते कळवीन, असं. खाली तेच कन्नडमध्येही दे. तुझे निम्मे शेजारी कन्नड आहेत आणि ते अंकातली चित्रं बघून काम चालवतात, हे मला त्या मच्छेच्या टेलरने सांगितलं. कारण देऊ नकोस. ‘प्रकृती’, ‘अपरिहार्य’ वगैरे लिहिलंस की लोक घरी फळं घेऊन येतील आणि तुला त्यांच्याशी खोटं बोलावं लागेल. दमले, विश्रांती घेते, एवढं मराठीत सरळ लिहिता येतं.

मग जुने अंक घेऊन बस, या कामाला मी येतो. कोणता सल्ला शिळा होतो आणि कोणता होत नाही, ते वेगळं काढू. ऱ्य कसा टाइप करायचा हे दहा वर्षांनीही तेच राहील. जुना शिवाजी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा, तेही. सरकारी साईटचं प्रत्येक पान मात्र संशयास्पद धर आणि त्याखाली ‘हे अमुक महिन्यात तपासलेलं’ असं लिही. विंडोज १० वर निर्धास्त राहा असं तू २०२१ ला लिहिलं होतंस, ते तेव्हा बरोबर होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, आता तो सल्ला मागे घेतला पाहिजे, नाव घेऊन, अंक क्रमांक देऊन. जे अर्धं राहिलंय ते एक तर पुरं कर, नाहीतर रद्द केलं म्हणून छाप. प्रिंटर दोन यंत्रांना जोडण्याचा तुझा लेख लोंबकळतोय ना? त्याने कुणाचं नुकसान होणार नाही, पण ‘पुढच्या अंकात’ हे दोन शब्द मला कुठेही दिसायला नकोत.

एक चौकट मात्र कायम भिंतीवर राहू दे: ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर फोन तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त, हेही लिही, कारण आपली माणसं लाजेने दोन दिवस घरात बसून राहतात.

फोन नंबरचं बोलायला हवं. पाच वर्षं अंकावर तुझा मोबाइल नंबर छापला जातोय आणि रात्री साडेदहाला लोक प्रिंटर कागद ओढत नाही म्हणून फोन करतात. विसाव्याच्या अंकावर तो छापायचा नाही. तरी फोन येतीलच. तेव्हा “थोडं बघून सांगते” म्हणू नकोस, तिथूनच पुन्हा सुरू होतं. “आता मी थांबले आहे, अमुक महिन्यात कळवीन” एवढंच म्हण. पहिल्या दोन-तीन वेळा जीभ जड होईल. फार अडलेला असला तर त्याला माझ्याकडे पाठव, मला दुपारी काही काम नसतं आणि प्रिंटर उघडायला अजून आवडतं.

पैशाचं किरकोळ आहे, पण आधी मिटव. झेरॉक्सवाल्याची उधारी, आणि ज्यांनी वर्षाचा टपालखर्च आगाऊ दिला त्यांचे उरलेले पैसे, वीस रुपये असले तरी परत. तू परत येशील तेव्हा त्यांच्यासमोर मान वर करून जाता आलं पाहिजे.

फायलींचं तू मलाच शिकवलं होतंस: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. तुझ्या लॅपटॉपवर एक, गूगलच्या खात्यात एक. तिसरी कुठे आहे? आणि गूगलचं खातं दोन वर्षं उघडलं नाही तर ते आतल्या मजकुरासकट काढून टाकू शकतात, तेव्हा अधूनमधून आत जाऊन येत जा. एवढंच, आत गेल्यावर मांडणी उघडायची नाही.

दुसरा मुलगा जो उरलाय, त्याच्यावर अंक टाकून जाऊ नकोस. तो लाजेने हो म्हणेल आणि दोन महिन्यांत तुझ्यासारखाच होईल. त्याला विचार, त्यालाही थांबायचं असेल. मला तर वाटतं तो तुझ्याच तोंडाकडे बघत बसलाय.

आणि सहा महिन्यांनी मन नाहीच म्हणालं तर? तर त्या एक तारखेला एकच पान छाप, की अंक आता निघणार नाही. तेही परत येण्याइतकंच नीट काम आहे. मी तेव्हा असं एक पान छापलं असतं, तर खानापूरच्या त्या गृहस्थांनी फॉरमॅटला हात घालण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं.

विश्रांतीत काय करायचं याची यादी मी देणार नाही. फक्त पहिले पंधरा दिवस हात शिवशिवतील, कुणाच्या तरी मोबाइलवर काहीतरी नवीन दिसेल आणि ‘हे अंकात घ्यायला हवं’ असं वाटेल. वाटू दे. वहीत एक ओळ लिही आणि वही मिटव. आईला घेऊन एकदा राजहंसगडावर जाऊन ये, ती किती दिवस म्हणतेय.

येत्या रविवारी सकाळी ये. जुने अंक सगळे आण, लाल पेन माझ्याकडे आहे. विसाव्याचं पान वाचनालयाच्या आणि गणपत गल्लीतल्या फळ्यावर मी स्वतः लावून येईन, ते तू करायचं नाही. आणि येताना पेन ड्राइव्ह आण. तिसरी प्रत माझ्या कपाटात राहील, काकूंच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी.

तुझा,
काका