गच्चीवरून ड्रोन उडवण्याआधी

ड्रोन घेतलास, छान! पण लगेच गच्चीवर पळू नकोस. आधी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघड. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे नकाशावरच्या हिरव्या भागात, ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र २०० फूटच. पोलिसांचा बंदी आदेश चालू आहे का, तेही ठाण्यात विचार.

आणि शेजारपाजार सांभाळ. माझा ड्रोन एकदा वाऱ्याने सरकून चौथ्या मजल्याच्या खिडकीसमोर गेला. आत काकू केस विंचरत होत्या. त्यांचा घाबरलेला चेहरा मला स्क्रीनवर दिसला. तसाच खाली जाऊन माफी मागितली, चित्रण त्यांच्यासमोर पुसलं. तेव्हापासून वॉचमनला आणि सेक्रेटरींना सांगितल्याशिवाय मी उडवत नाही. गावी गेलास तर अंधारात अजिबात नको, लोकांना चोरांची टेहळणी वाटते.